दम राखावा, संघ वाढवावा



चाकणचा बाजार तुमच्यापैकी पुष्कळांच्या माहितीचा आहे. कांद्याच्या गाड्या आणि कारखान्याकडे निघालेले कामगार इथे एकाच रस्त्याने जातात. मोठ्या कारखान्यांत काम पाळ्यांनी चालते. कामगार कितीही तरबेज असो, त्याला रोज तिन्ही पाळ्या करायला कोणी लावीत नाही. शेतकरीही उन्हं चढली की औत सोडतो. मग हे साधं शहाणपण आपण शाळेच्या मैदानावर का बरं विसरतो?

मी याच भागातला एक शिक्षक. काही वर्षांपूर्वी आमच्या मुलींचा बास्केटबॉलचा संघ स्पर्धेला नेला होता. संघात एक उंच, चपळ मुलगी होती. सारी भिस्त तिच्यावर. 10 मिनिटांचे चार भाग, म्हणजे 40 मिनिटे, मी तिला एकदाही बाहेर घेतलं नाही. शेवटच्या भागात तिचा प्रत्येक चेंडू कड्याच्या अलीकडेच पडू लागला. मी बाहेरून ओरडत होतो, "अगं, लक्ष दे!" पण लक्ष कुठेच गेलं नव्हतं. चेंडू उंच फेकण्याचा जोर पायांतून येतो, आणि तिचे पाय संपले होते. अखेर पाचवा फाऊल होऊन ती बाद झाली. मी बाकावरच्या मुलीला आत पाठवलं. तिने जाता जाता विचारलं, "सर, मी कुठे उभी राहू?"

सामना आम्ही हरलो. तो सल फार दिवस राहिला नाही. त्या मुलीचा प्रश्न मात्र अजून मनात आहे. वर्षभर ती सरावाला येत होती आणि मी तिला एकदाही खरं खेळवलं नव्हतं.

पुढे एका विद्यार्थ्याने मला संगणकावरचा एक खेळ दाखवला. त्यात बास्केटबॉलचा संघ आपण चालवायचा. प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे त्याचा दम किती उरला हे आकड्याने दिसतं. आकडा उतरला की खेळ बिघडतो, बाकावर बसवलं की आकडा चढतो. मला वाटलं, हे तर चिंचोक्यांनीही शिकवता येईल! गुरुजनहो, वर्गात करून पाहा.

प्रत्येक खेळाडूची एक चिठ्ठी करा. तिच्यावर त्याच्या कसबाचे गुण लिहा आणि शेजारी 10 चिंचोके ठेवा. सामना आठ फेऱ्यांचा. एक फेरी म्हणजे पाच मिनिटे. जो फेरी खेळेल त्याचे दोन चिंचोके उचलायचे. जो बसेल त्याला एक द्यायचा, पण दहापेक्षा जास्त नाही. फेरीच्या सुरुवातीला पाच किंवा अधिक चिंचोके असले तर गुण पूर्ण. पाचाहून कमी असले तर निम्मे. एकही नसला तर शून्य.

आता सहा गुणांचा आपला पट्टीचा गडी आठही फेऱ्या खेळवा. तीन फेऱ्या पूर्ण गुण, दोन फेऱ्या निम्मे, पुढे सारा शून्य. एकूण 24. त्यालाच तिसऱ्या आणि सहाव्या फेरीत बसवा. एकूण 30! शिवाय त्या दोन फेऱ्यांत तीन गुणांचा साधा गडी खेळला तर त्याचे सहा वेगळे, म्हणजे 36. आणि तीच दोन फेऱ्यांची विश्रांती त्याचे सगळे चिंचोके संपल्यावर दिली, तर त्याचे 27 च होतात. तेव्हा नुसती विश्रांती देऊन भागत नाही, ती वेळेवर द्यावी लागते.

अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये सॅन अँटोनिओचा स्पर्स नावाचा संघ आहे. त्याचे तेव्हाचे प्रशिक्षक ग्रेग पोपोविच यांनी 2012 च्या नोव्हेंबरात, मोठा सामना तोंडावर असताना, चार खेळाडूंना विश्रांतीसाठी घरी पाठवलं. प्रेक्षक त्यांनाच पाहायला येणार होते, म्हणून संघटनेने अडीच लाख डॉलर दंड ठोठावला. पण 2013-14 च्या हंगामात त्या संघातला एकही खेळाडू 48 मिनिटांच्या सामन्यात सरासरी 30 मिनिटेही खेळला नाही, आणि 2014 मध्ये अजिंक्यपद त्यांनीच मिळवलं. बाकावरच्यांना हंगामभर खेळवल्यामुळे ऐनवेळी त्यांच्यापैकी कोणालाही कुठे उभं राहायचं हे विचारावं लागलं नाही.

आपल्या शाळेचा हिशेब सोपा आहे. मैदानावर पाच जण, 40 मिनिटे. म्हणजे वाटायला 200 मिनिटे. पहिल्या पाचांना प्रत्येकी 28 दिली तर 140 झाली. उरलेली 60 पुढच्या पाचांना बारा-बारा येतात. बदल करताना पाचही जण एकदम काढू नका. एक-दोन जाणते आत ठेवा, म्हणजे नव्याला आधार राहतो. मूल हात गुडघ्यांवर टेकून उभं राहिलं, मागे धावताना रेंगाळलं, पाय हलवण्याऐवजी हातानेच अडवू लागलं, की दम उतरला असं समजा. त्याला बोलावून घ्या, पाणी द्या आणि सांगा, "तुझं चुकलं म्हणून नाही काढलं, तू पुन्हा आत जाणार आहेस." हे वाक्य विसरू नका. नाहीतर बाहेर येणं ही मुलाला शिक्षा वाटते, आणि ते दम लपवायला शिकतं.

आईवडिलांनाही एक विनंती. आपलं मूल बाकावर दिसलं तर मास्तरांवर रागावू नका. आणि शेजारणीचं मूल दहा मिनिटे खेळलं तर टाळी वाजवा. गाव करी ते राव न करी, ही म्हण आपलीच आहे.

त्या प्रश्न विचारणाऱ्या मुलीला पुढच्या वर्षी मी प्रत्येक सामन्यात खेळवलं. कुठे उभं राहायचं, हे आता ती धाकट्या मुलींना सांगत असे.