पाणमोट लवकर फुटली तर 'सकाळी बघू' म्हणू नका

आज कोडिंग नाही, पॅकेज नाही. आज माझ्या ताईची गोष्ट. कारण त्या रात्री मीही चुकलो होतो.

ताई माहेरी इस्लामपूरला आली होती. एकतिसावा आठवडा. रात्री अकराला म्हणाली, "कपडे ओले होतायत, पण कळा नाहीत." आई म्हणाली, "बाळाच्या दाबानं लघवी होते, सकाळी बघू." मी पुण्यातून व्हिडिओ कॉलवर. मीपण म्हणालो, सकाळी बघू. दाजींनी मात्र ऐकलं नाही, सरळ १०८ ला फोन लावला. आष्ट्यावरून सांगली गाठली.

ती लघवी नव्हती, पाणमोट फुटली होती. पोटात बाळ ज्या पाण्याच्या पिशवीत असतं, ती पाणमोट. ३७ आठवड्यांच्या आत, कळा यायच्या आधीच ती फुटणं हे शंभरात साधारण तिघींना होतं. पिशवी म्हणजे बाळाचं फायरवॉल. फुटली की जंतूंना वाट मोकळी.

मला वाटलं, आता लगेच सिझर. डॉक्टर म्हणाले, "नाही. जंतुसंसर्ग नाही, बाळाचे ठोके चांगले आहेत. ३४ आठवड्यांपर्यंत थांबायचा प्रयत्न करू. पण इथंच, घरी नाही." अँटिबायोटिक्स सुरू झाली. ताप, नाडी, बाळाचे ठोके सारखे तपासत होते. आणि बाळाच्या फुफ्फुसांसाठी स्टिरॉइडची इंजेक्शनं दिली.

स्टिरॉइड ऐकून मी घाबरलो. मग वाचलं. न्यूझीलंडच्या लिगिन्स यांना मेंढ्यांवरच्या प्रयोगात दिसलं, की हे औषध मिळालेली अपुऱ्या दिवसांची कोकरं अपेक्षेपेक्षा चांगला श्वास घेतायत. १९७२ मध्ये त्यांनी आणि हाउई यांनी गरोदर बायकांवरचा अभ्यास छापला. आज तेच औषध आपल्याकडं सरकारी दवाखान्यातही मिळतं.

ताई सोळा दिवस थांबली. मग कळा आल्या, बाळ काही दिवस काचेच्या पेटीत राहिलं. आता भाचा माझ्या लॅपटॉपची बटणं उपटतो.

तर लक्षात ठेवा. पाणी जातंय अशी शंका आली, तर स्वच्छ पॅड लावा, रंग बघा आणि निघा. पाणी हिरवट किंवा लाल दिसलं, वास आला, ताप आला, बाळाची हालचाल कमी वाटली, तर एक मिनिटही घालवू नका. १०८ ला पैसे लागत नाहीत.

ताई अजून हसत म्हणते, "तू सकाळी बघू म्हणालास, ते विसरले नाही हां." मीपण विसरलो नाही.