चक्र का मंदावते?

भिलाईचे नाव निघाले की डोळ्यांपुढे येते ते धगधगते लोखंड. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि दुर्गजवळच्या भातशेतीच्या मुलखात एक पोलादनगरी उभी राहिली. पुढे २००० साली हा मुलूख छत्तीसगड राज्यात गेला. नागपूर-हावडा लोहमार्गावरील या नगरीत पोटापाण्यासाठी आलेल्यांत मराठी कुटुंबेही होती. ज्या गावात आगगाडीचे रूळ लाटणारी अवजड यंत्रे विजेच्या मोटारींवर फिरतात, त्या गावातील एखाद्या मुलाला घरच्या टेबलावर स्वतःची मोटार करून पाहावीशी वाटली, तर त्यात नवल ते काय?

अशा हौशी यंत्रांत हल्ली स्पंद-मोटार किंवा पल्स मोटार फार लोकप्रिय आहे. तिची घडण साधी असते. लाकडाच्या चकतीच्या कडेवर समान अंतरावर आठ चुंबक बसवलेले, सर्वांचे एकच ध्रुव बाहेरच्या बाजूस. चकतीजवळ तांब्याच्या तारेचे वेटोळे, म्हणजे कॉइल. या कॉइलमध्ये दोन तारा एकत्र गुंडाळलेल्या असतात. चुंबक जवळून गेला की बारीक तारेत क्षणिक दाब उत्पन्न होतो आणि त्या इशाऱ्याने ट्रान्झिस्टर उघडतो. मग जाड तारेतून बॅटरीचा प्रवाह वाहतो आणि पुढे निघालेल्या चुंबकाला मागून ढकलतो. झोपाळ्याला झोका देणारा माणूस सतत ढकलीत बसत नाही, नेमक्या वेळी हात लावतो. ही मोटारही तसेच करते.

एका कॉइलवर चक्र झकास फिरते. हाताने पहिली गती दिली की ते गुणगुणू लागते. मग साहजिक विचार येतो, एका कॉइलने एवढी गती येते तर चार कॉइलींनी चौपट यावी. पहिल्या कॉइलच्या इशाऱ्यावरच चारही जाड तारा एकत्र जोडल्या जातात, आणि चक्र वेगाने फिरण्याऐवजी मंदावते. ट्रान्झिस्टर तर इतका तापतो की त्याला बोट लावता येत नाही. आणलेली बॅटरी लहान पडली असावी असे वाटून मोठी बॅटरी येते, चुंबक कमजोर असावेत असे वाटून महागडे चुंबक येतात. प्रदर्शनाची तारीख जवळ येते, साठवलेले पैसे संपतात, आणि आपल्याला हे जमणारच नाही अशी समजूत मनात घर करते. खरे तर दोष सुट्या भागांत क्वचितच असतो. तो जोडणीत असतो.

कारखान्यातील जाणता विद्युत्-कारागीर बिघाड शोधताना आधी नवे भाग मागवीत नाही, जोडण्या सोडवतो. येथेही तेच करावे. बॅटरी, ट्रान्झिस्टर आणि डायोड तिन्ही बाजूला काढावेत आणि चारही कॉइलींची टोके मोकळी सोडावीत. चक्र हाताने फिरवून ते किती वेळ फिरत राहते ते घड्याळावर पाहावे. या अवस्थेतही ते चटकन थांबले, तर दोष यांत्रिक आहे. बेअरिंगमधील घट्ट वंगण, वाकडी दांडी किंवा कॉइलीत गाभा म्हणून घातलेला लोखंडी बोल्ट, यांपैकी काहीतरी चक्राला रोखून धरीत आहे. शेवटचे कारण विशेष फसवे. बोल्टाने कॉइलीचे बळ वाढते हे खरे, पण प्रत्येक चुंबक जाता जाता त्या लोखंडाला चिकटू पाहतो.

मोकळ्या टोकांनी चक्र पुष्कळ वेळ फिरले, तर चारही कॉइली पूर्वीसारख्या एकमेकींना समांतर जोडाव्यात, बॅटरी मात्र दूरच ठेवावी, आणि पुन्हा तेवढीच गती द्यावी. या वेळी चक्र लवकर थांबले, तर चोर सापडला. बॅटरी नसताना चक्राला कोण अडवते? कॉइलीच अडवतात. फिरता चुंबक प्रत्येक कॉइलीत दाब उत्पन्न करतो. चारही कॉइलींतील दाब क्षणोक्षणी सारखे असतील, तर त्यांच्यात प्रवाह वाहण्याचे कारण उरत नाही. पण एक कॉइल उलटी जोडली गेली असेल, तिचे वेढे कमी असतील किंवा ती जागेवरून जरा सरकलेली असेल, तर एका कॉइलीचा दाब दुसरीतून प्रवाह फिरवतो. हा प्रवाह बॅटरीकडे जात नाही, बाहेर कोणतेही काम करीत नाही, कॉइलींच्या कॉइलींतच घुमतो. आणि १८३४ साली लेन्झ याने सांगितलेल्या नियमानुसार तो ज्या गतीपासून जन्मला त्याच गतीला विरोध करतो. मोटारीच्या पोटात आपोआप एक ब्रेक तयार होतो.

उलटी कॉइल ओळखण्यास होकायंत्र पुरते. एका लहान घटाचा प्रवाह प्रत्येक कॉइलीत त्याच दिशेने क्षणभर सोडावा आणि चक्राकडील तोंडाशी सुई धरावी. चारही ठिकाणी सुईचे एकच टोक ओढले गेले पाहिजे. तीच सुई चक्राच्या कडेवरूनही फिरवावी, कारण आठांत एखादा चुंबक पालथा चिकटवला जाणे ही नेहमीची गोष्ट. जोडणीच्या टोकांवरील इनॅमल खरवडण्याचे राहून गेले आहे काय, हेही पाहावे. तार चकचकीत दिसते आणि प्रवाह मुळीच जात नाही, असे पुष्कळदा घडते.

जागेची चूक डोळ्यांना क्षुल्लक वाटते, पण तिचा हिशेब केला तर चित्र बदलते. चकतीची त्रिज्या १० सेंटिमीटर आणि वेग मिनिटाला ६०० फेरे धरला, तर कॉइल अर्धा सेंटिमीटर सरकली की तिचा धक्का सुमारे ०.८ मिलिसेकंद चुकतो. एका चुंबकानंतर दुसरा येण्यास १२.५ मिलिसेकंद लागतात आणि धक्का त्यातील अल्प काळच टिकतो, हे लक्षात घेता ही चूक लहान नाही. म्हणून प्रत्येक कॉइलीला स्वतंत्र इशारा आणि स्वतंत्र ट्रान्झिस्टर देणे उत्तम. त्यामुळे घुमणाऱ्या प्रवाहाची वाटही तुटते.

तापणाऱ्या ट्रान्झिस्टरची कथा निराळी. प्रत्येक कॉइलीचा रोध ६ ओहम असेल, तर चार समांतर कॉइलींचा दीड ओहम होतो. १२ व्होल्टांवर एक कॉइल फार तर २ अँपिअर घेते, चार मिळून ८ मागतात. बारीक तारेचा इशारा मात्र एकीपुरताच असतो. ट्रान्झिस्टर अर्धवट उघडतो आणि उरलेली शक्ती उष्णता होऊन त्याच्याच अंगात मुरते. प्रवाह तोडताच कॉइल जो उलट दाबाचा झटका देते, त्याला डायोडची वाट ठेवलेली नसेल तर हौशी लोकांच्या आवडीचा २एन३०५५ टिकत नाही, कारण त्याची मर्यादा ६० व्होल्टांची आहे.

इतके सारे दुरुस्त करूनही वेग चौपट होत नाहीच. जास्त कॉइलींनी जोर वाढतो. वेगाची कमाल मर्यादा मात्र चुंबकच ठरवतात, कारण चक्र जितके जलद, तितका त्यांनी कॉइलीत उत्पन्न केलेला विरोधी दाब मोठा, आणि तो बॅटरीच्या दाबाजवळ आला की ढकलण्यास काही उरत नाही.

या यंत्राभोवती आणखी एक मोह फिरत असतो. मोटारीतून सुटणारे झटके दुसऱ्या बॅटरीत भरले, तर खर्चापेक्षा अधिक वीज मिळते, असे सांगणाऱ्या चित्रफिती पुष्कळ आहेत. हा मोह जुना आहे. चाळीसगावजवळील पाटण येथे ज्यांच्या कुळाचा १२०७ सालचा शिलालेख सापडतो, त्या भास्कराचार्यांनी ११५० सालच्या सिद्धान्तशिरोमणीत, पोकळ आऱ्यांत पारा भरलेल्या आणि आपोआप फिरणाऱ्या चक्राचे वर्णन केले आहे. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १७७५ साली अशा यंत्रांची तपासणी करणेच बंद केले. तरीही मुलाला नुसते नाही म्हणण्यापेक्षा त्याच्या हाती मोजमाप द्यावे. झटके खाल्लेल्या बॅटरीचा व्होल्टमीटरवरील आकडा चढलेला दिसतो, पण तो वरवरचा असतो. दोन सारख्या बॅटऱ्या घ्याव्यात. एकीवर मोटार चालवावी, दुसरीत झटके भरावेत, मग भरलेल्या बॅटरीची वीज पहिलीच्या जागी वापरून पाहावी. हीच अदलाबदल करीत राहावे आणि प्रत्येक वेळी मोटार किती मिनिटे फिरली ते वहीत लिहावे. काही फेऱ्यांतच वहीतील आकडे उतरू लागतात.