टिप म्हणजे बक्षिशी नव्हे

मंडळी, आपल्यातले बरेच आजी-आजोबा मुलांकडे अमेरिकेला जातात, म्हणून हे सांगतोय. तिथे हॉटेलात वाढणाऱ्यांची टिप ही बक्षिशी नसते, मजुरीच असते. तिथल्या केंद्रीय कायद्याने किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर, पण टिप मिळणाऱ्याला मालकाने निदान २.१३ डॉलर दिले की चालतं. हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. उरलेलं टिपेतून निघेल, असं धरलेलं असतं. काही राज्यांत वेतन जास्त आहे, पण रीत तीच.

तेव्हा १५ ते २० टक्के ठेवा. बिलात ‘ग्रॅच्युइटी’ आधीच लावलीय का, तेवढं बघा. रुपयांत हिशेब करून हात आखडू नका. परवडत नसेल तर काउंटरवरून घेऊन खावं. पण बसून वाढून घ्यायचं आणि कुणाची मजुरी बुडवायची, हे आपल्याला शोभत नाही.