मचाणावरची ऊब



हिवाळ्यात रात्री उसाला पाणी देणाऱ्याला एक गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. दारे मोडताना, खोऱ्याने माती ओढताना थंडी कुठल्या कुठे पळते, अंगाला घाम सुटतो. मग सरी भरेपर्यंत तो जरा बांधावर टेकतो, आणि तोच घाम पाठीवर बर्फासारखा गार होतो. चालणाऱ्यापेक्षा बसणाऱ्याला थंडी लवकर धरते.

आज बोलावयाचे आहे एका परदेशी कपड्याविषयी. पण त्याची सगळी मेख या बांधावरच्या घामात आहे. माझ्या एका शिक्षकमित्राचा मुलगा अमेरिकेत मिनेसोटा राज्यात नोकरीला आहे. तिकडे नोव्हेंबरात परवाना काढून हरणाची शिकार करता येते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा काळ संपवला, आणि ते बरेच झाले. तिकडची रीत निराळी. सोबत्यांनी बोलावले तेव्हा पोराने घरी विचारले, "बाबा, ते पिसांचं हलकं जॅकेट घेऊ का?" बाबांच्या पेटीत एक घोंगडी आणि एक स्वेटर! त्यांनी प्रश्न माझ्याकडे धाडला.

बदकाच्या किंवा हंसाच्या पोटावर, वरच्या पिसांखाली, मऊ लव असते. तिलाच डाऊन म्हणतात. पिंजाऱ्याने पिंजलेला कापूस आठवा. मूठभर कापूस पाटीभर होतो. ऊब देते ती त्यात अडकून स्थिर राहिलेली हवा. लव कापसापेक्षाही अधिक फुगते. किती फुगते याचा आकडा जॅकेटवर दिलेला असतो : ५५०, ७००, ८०० असा. एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम लव किती घनइंच जागा व्यापते, त्याचा हा आकडा. ८०० म्हणजे जवळजवळ १३ लिटर, ५५० म्हणजे ९. पण आकडा मोठा म्हणून जॅकेट गरम, असा हिशेब करू नका बरं का. आत लव किती ग्रॅम भरली आहे, तेही पाहावे लागते. मोठ्या आकड्याने तेवढीच ऊब कमी वजनात मिळते, इतकेच. पैसे मात्र जास्त पडतात.

१९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच याने फुग्याच्या कापडात लव भरून कोट करून घेतला होता. सोबती आधी हसले. थंडी पडल्यावर हेवा करू लागले. पुढे १९३५ च्या सुमारास अमेरिकेत एडी बाउअर नावाचा गृहस्थ हिवाळ्यात मासेमारीला गेला. अंगात जाड लोकरी कपडे. मासे घेऊन चढ चढताना ते घामाने भिजले आणि अंगावरच गारठले. त्याला झोप येऊ लागली. कडाक्याच्या थंडीत अशी गुंगी येणे ही मरणाची खूण असते. सोबत्यामुळे तो वाचला. त्यानंतर त्याने हंसाची लव भरून, ती एका जागी गोळा होऊ नये म्हणून गोधडीसारखे टाके घालून, जॅकेट तयार केले. १९४० मध्ये त्याला त्याचे पेटंट मिळाले.

म्हणून मुलाला मी पहिली गोष्ट कळवली, की हे जॅकेट घालून जंगलात चालू नकोस. पहाटे अंधारात मचाणापर्यंत चालताना ते पिशवीत असू दे. अंगात पातळ लोकरी सदरा पुरे, सुती नको. सुती कापड घाम धरून ठेवते. मचाणावर बसलास, दम गेला, की जॅकेट बाहेर काढ. लव घामाने किंवा पावसाने भिजली की तिचे गोळे होतात, हवा उरत नाही, आणि चांगले महागाचे जॅकेट चिरगुटासारखे होते. पाऊस आणि ओला बर्फ नेहमीचाच असेल, तर कृत्रिम धाग्यांचे जॅकेट घ्यावे. ते जड असते, पण भिजले तरी थोडीफार ऊब राखते.

माप सैल हवे. आत लोकरी सदरा घालून दोन्ही हात पुढे करून पाहावे. पाठीवर ताण आला तर लव दबते, मग ऊब कुठली? मिनेसोटात बंदुकीच्या हंगामात भडक नारिंगी किंवा गुलाबी कपडा वर दिसलाच पाहिजे, असा कायदा आहे. तो जाकिटावरून घालावयाचा, म्हणून तोही मोठ्या मापाचा घ्यावा. हरणाला नारिंगी रंग आपल्यासारखा भडक दिसत नाही. दुसऱ्या शिकाऱ्याला मात्र दिसतो, आणि जीव त्यावरच असतो.

आणखी एक. दुकानात जॅकेट घालून हात हलवा आणि कान द्या. नायलॉनचे कापड सळसळते, आणि हरणाचे कान फार तिखट! मऊ, आवाज न करणारे कापड शोधावे. शेकोटीच्या ठिणगीने या कापडाला चटकन भोक पडते, तेव्हा आगीपासून दूर बसावे.

शिकारीहून परत आल्यावर जॅकेट पिशवीत दाबून ठेवू नये. पूर्ण वाळेपर्यंत उबदार खोलीत खुंटीला मोकळे टांगावे, आणि लवेचे गोळे झाले असतील तर ते बोटांनी हलकेच सोडवावेत, पिंजाऱ्यासारखे.