बेरिकला जमलं ते निपाणीला का नाही?



फुटबॉलचा चषक म्हटलं की कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यातल्या माणसाला बाद फेरीच आठवते. साखळीत सामने भरपूर होतात आणि बहुतेक वेळा तगडा संघच वर निघतो. बाद फेरीत एकच सामना. हरलात की बॅग भरा. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार हे पेठांचे संघ बरोबरीत सुटले, की टायब्रेकर बघावा. किक मारणारा पोरगा बॉलवरची माती जर्सीला पुसतो, बॉल पुन्हा ठेवतो, चार पावलं मागं जातो. तेवढा वेळ गॅलरीतल्या दोन्ही पेठा गप्प असतात.

हाच खेळ देशाच्या पातळीवर कसा चालतो आणि त्यात आपल्या सीमाभागाला जागा कुठं आहे, एवढंच मला आज मांडायचं आहे.

बाद फेरीचे चषक आपल्या देशाला नवे नाहीत. १८८८ साली सिमल्यात ड्युरँड कप सुरू झाला, १८९१ साली मुंबईत रोव्हर्स कप. दोन्ही सुरुवातीला गोऱ्या पलटणींच्या मालकीचे. रोव्हर्स कपावर भारतीय संघाचं नाव लागलं ते थेट १९३७ साली, आणि तो संघ होता बंगळूर मुस्लिम्स. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने स्वतः भरवलेला क्लबांचा राष्ट्रीय चषक यायला मात्र १९७७ साल उजाडलं. तो फेडरेशन कप.

त्याचा पहिला अंतिम सामना एर्नाकुलमला झाला. एका बाजूला मोहन बागान. त्याच वर्षी आयएफए शील्ड, रोव्हर्स आणि ड्युरँड हे तिन्ही चषक घरी नेणारा आणि ईडन गार्डन्सवर पेलेच्या कॉसमॉसला २-२ असं रोखणारा हा संघ. समोर कोण? बंगळूरच्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजचा, म्हणजे आयटीआयचा संघ. सरकारी कचेरीच्या टेबलावर जो काळा, डायल फिरवायचा फोन असायचा, तो बनवणारा हा कारखाना. आयटीआयने सामना १-० जिंकला. कारखान्याच्या संघाने हा राष्ट्रीय चषक पहिल्यांदा उचलला, याचं मोल मला फार वाटतं.

फेडरेशन कप २०१७ साली संपला. शेवटचा बंगळूर एफसीने नेला, कटकला मोहन बागानलाच हरवून. २०१८पासून त्याच्या जागी सुपर कप आला. तो आयएसएल आणि आय-लीगमधल्या क्लबांसाठी आहे. सामने चांगले होतात, एफसी गोवाने तो जिंकला तेव्हा आपल्याकडेही आनंद झालाच. पण जिल्ह्याच्या क्लबाला त्यात शिरायला दारच नाही. बेळगावच्या लेले मैदानावर खेळणाऱ्या टिळकवाडीच्या पोराने किंवा निपाणीच्या पोराने आपल्या क्लबाची जर्सी घालून बंगळूर एफसीसमोर उभं राहावं, अशी सोयच नाही. आधी क्लब सोडायचा, गाव सोडायचं, मग पुढचं बघायचं.

आता मी तुम्हाला एका दुसऱ्या सीमाभागात नेतो. बेरिक-अपॉन-ट्वीड हे गाव इंग्लंडमध्ये आहे, स्कॉटलंडची हद्द तिथून हाकेच्या अंतरावर. इतिहासात हे गाव कितीदा या राज्यातून त्या राज्यात गेलं. पण तिथला क्लब, बेरिक रेंजर्स, इंग्लंडचा असून स्कॉटलंडच्या फुटबॉलमध्ये खेळतो. २८ जानेवारी १९६७ रोजी स्कॉटिश कपात त्यांच्या वाट्याला ग्लासगोचा बलाढ्य रेंजर्स आला. त्या मोसमात ग्लासगो रेंजर्सने युरोपीय कप विनर्स कपाची अंतिम फेरी पुढं गाठली, एवढा तो भारी. बेरिकचा गोलकीपर जॉक वॉलेस, तोच मॅनेजरही. पूर्वार्धात सॅमी रीडने गोल केला आणि पुढचा सगळा वेळ वॉलेसने गोल राखला. १-०. गाव एका देशात आणि चषक दुसऱ्या देशाचा, म्हणून त्या विजयाची किंमत कुणी कमी केली नाही. वेल्सच्या कार्डिफ सिटीने तर १९२७ साली आर्सेनलला हरवून इंग्लंडचा एफए कपच सीमेपलीकडे नेला.

याच एफए कपातली एक जुनी गोष्ट सांगायलाच हवी. १८७१-७२च्या पहिल्या स्पर्धेत पंधरा क्लबांनी नावं दिली होती. त्यांत ग्लासगोचा क्वीन्स पार्क होता. एकही सामना न खेळता ते उपांत्य फेरीत पोचले. लंडनला वाँडरर्सशी त्यांनी बरोबरी केली. पण फेरसामन्यासाठी थांबायला पैसे नव्हते, म्हणून ते माघारी गेले. पुढं वाँडरर्सनेच चषक जिंकला. मैदानावर कुणाला न हरलेला संघ प्रवासखर्चाला हरला. पुढं चित्र बदललं. आज एफए कपात सातशेहून अधिक क्लब उतरतात, आणि पात्रता फेऱ्यांचा ड्रॉ जवळजवळच्या गावांमध्ये काढला जातो. खेड्यातला संघ शेजारच्या खेड्याशी खेळतो. मोठ्यांची गाठ नंतर.

आपला नकाशा याच नजरेने बघा. १९५६च्या राज्य पुनर्रचनेने बेळगाव-निपाणी म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेली; त्यातून उभ्या राहिलेल्या सीमाप्रश्नाविषयी मी वेगळं सांगायला नको. त्यामुळे निपाणीच्या क्लबाची फुटबॉलमधली वाट जिल्हा संघटनेतून कर्नाटक संघटनेकडे, म्हणजे पाचशे किलोमीटरहून लांबच्या बंगळूरकडे जाते. कोल्हापूर चाळीस किलोमीटरवर, पण ते महाराष्ट्राच्या संघटनेत. दिवाळीत फुटबॉल रंगवणारं गडहिंग्लज तासाभराच्या वाटेवर, तेही तिकडंच. या गावांतली पोरं एकमेकांच्या निमंत्रित स्पर्धांत खेळतातच. अधिकृत चषकात मात्र त्यांची गाठ पडत नाही.

माझी मागणी साधी आहे. सुपर कपाला पात्रता फेऱ्या जोडाव्यात आणि त्यांचे गट राज्यांवर न पाडता अंतरावर पाडावेत. निपाणी, गडहिंग्लज, कोल्हापूर, बेळगाव, सावंतवाडी, मडगाव यांचा एक गट. नोंदणी ज्या संघटनेत आहे तिथंच राहू दे. सीमाप्रश्नाला यात कुणी हात लावत नाही, आणि कुणाचा दावा सुटतही नाही. सामना एकच, यजमानाच्या मैदानावर, निकाल त्याच दिवशी टायब्रेकरवर. म्हणजे फेरसामन्याचा खर्च नाही, बहुतेकदा मुक्कामही नाही. जवळचा संघ सकाळच्या एसटीने निघेल आणि रात्री घरी येईल. पंच तिसऱ्या जिल्ह्यातले आणावेत, नाहीतर पहिल्याच चुकीच्या ऑफसाइडवरून वाद पेटेल. पहिल्या वर्षी प्रत्येक गटातून एकच संघ वर पाठवला तरी पुरे. यासाठी महासंघासोबत कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोव्याच्या संघटनांची संमती लागेल. तो अर्ज बेळगावच्या क्लबांनी एकत्र बसून लिहावा, आणि निपाणी-कोल्हापूरच्या क्लबांच्या सह्याही त्याच कागदावर घ्याव्यात.