खालून सांगणारं कुणीतरी

दूरदर्शन नवं होतं तेव्हा सोलापुरात एक जण माळवदावर अँटेना फिरवी आणि दुसरा खालून ओरडे, ‘अजून थोडा... बास!’ हौशी रेडिओवाले हेच काम रोटेटरकडून करून घेतात.

खांबावरची मोटर भराभर फिरते. दातेरी चाकं तिचा वेग उतरवतात आणि जोर वाढवतात. अँटेनाच्या एका फेरीला साधारण मिनिटभर लागतं. वाऱ्यानं तो वळू नये म्हणून ब्रेक, केबल पिळवटू नये म्हणून फेरीच्या शेवटी थांबवणारा स्विच.

टेबलावरच्या कंट्रोल बॉक्सचं बटण दाबलं की वर वीज जाते. पण खरी गंमत वरून येणाऱ्या निरोपाची. अँटेनासोबत फिरणारा छोटा पोटेन्शिओमीटर बदलता विद्युतदाब खाली धाडतो आणि काटा दिशा दाखवतो. नारायणगावजवळ खोडदच्या रेडिओ दुर्बिणीत 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आहेत. त्याही मोटरींनीच वळतात आणि आपला कोन खाली कळवत राहतात.

मात्र काट्याला फक्त रोटेटरचं कळतं. वादळात खांबाची पकड सरकली, तर अँटेना भलतीकडे बघतो आणि काटा खुशाल जुनीच दिशा दाखवतो. तेव्हा वादळानंतर एकदा वर नजर टाकावी.