पदवी, पैसा आणि अमळनेरचे शेअर



बारावीचा निकाल लागला की आपल्या गटांच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो. पोरीला पुढे शिकवायचं का, आणि शिकवायचं तर कर्ज कुठून काढायचं? मग दोन बाजू पडतात. एक बाजू म्हणते, "शिकून काय होतं? धीरूभाई अंबानी कुठे कॉलेजात गेले होते? अदानींनी तर कॉलेज अर्धवट सोडलं." दुसरी म्हणते, "शेत गहाण पडलं तरी चालेल, पण पोर मोठं शिकली पाहिजे. शिकली की पैशांत लोळेल." आमच्या गटातही हा वाद दर वर्षी होतो, आणि तो ऐकून ऐकून आम्हाला वाटायला लागलंय की दोन्ही बाजूंचा घोटाळा एकच आहे. पदवीचं काम माणसाला गडगंज करणं हेच आहे, असं दोघीही धरून चालतात. एकीला ते होताना दिसत नाही म्हणून ती पोरीला घरी बसवते. दुसरीला ते होणारच असं वाटतं म्हणून ती शेत गहाण टाकते.

तर खूप मोठी श्रीमंती येते कुठून, हे आधी बघू. उदाहरणासाठी लांब जायला नको. नंदुरबार स्टेशनवर भुसावळकडची गाडी धरली की दोंडाईचा, नरडाणा करत अमळनेर येतं. साने गुरुजी जिथे प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, तेच हे अमळनेर. या गावात 1945 साली दोन गोष्टी सुरू झाल्या. एक प्रताप कॉलेज. खानदेशातल्या पोरांना पदवीसाठी पुण्या-मुंबईला जावं लागू नये म्हणून निघालेलं. दुसरी एक कंपनी, वनस्पती तूप बनवणारी. मोहम्मद प्रेमजी नावाच्या व्यापाऱ्याने ती काढली. सूर्यफुलाच्या नावाचं तूप आणि 787 नावाचा कपड्यांचा साबण, असा तिचा माल. तिचंच नाव पुढे विप्रो झालं.

कंपनीला भांडवल लागत होतं. तिचा एक शेअर शंभर रुपयांचा होता. शेअर म्हणजे काय, तर कंपनीच्या मालकीचा एक छोटा तुकडा. अमळनेरमधल्या शेतकऱ्यांनी, दुकानदारांनी ते घेतले आणि ट्रंकेत ठेवून दिले. पुढे ही कंपनी संगणकाच्या कामात शिरली आणि वाढतच गेली. मधूनमधून ती जुन्या शेअरवर नवे शेअर द्यायची. याला बोनस म्हणतात. आपण थोडा हिशोब करू. 2004 साली कंपनीने एका शेअरवर दोन शेअर दिले, म्हणजे एकाचे तीन झाले. 2005 साली एकावर एक, म्हणजे सहा. 2010 साली तीनावर दोन, म्हणजे दहा. 2017 साली परत एकावर एक, म्हणजे वीस. एकही रुपया नव्याने न घालता तेरा वर्षांत एकाचे वीस झाले. आणि याच्या आधीही कितीतरी वेळा बोनस मिळून गेला होता.

इथे एक खुलासा केलेला बरा. नुसत्या बोनसने कोणी श्रीमंत होत नाही. भाकरीचे चार तुकडे केले काय आणि आठ केले काय, भाकरी तेवढीच राहते. अमळनेरकरांचं नशीब असं, की तुकडे होत होते आणि भाकरीही मोठी होत होती. ज्यांनी शेअर विकले नाहीत, ती घरं कोट्यधीश झाली. आजही "विप्रोच्या शेअरचं गाव" म्हणून अमळनेरचं नाव घेतात.

आता बघा, ही माणसं पदवीच्या जोरावर श्रीमंत झाली का? नाही. गावात कॉलेज होतं, पण कोट्यधीश करणारा कागद कॉलेजातून मिळाला नव्हता. तो मालकीचा कागद होता. आणि त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट होती, जी आपल्याकडे सहसा नसते. ते पैसे तीस-चाळीस वर्षं लागलेच नाहीत, अशी घरची परिस्थिती. ज्यांना मध्येच दवाखाना निघाला, लग्न निघालं, दुष्काळ पडला आणि शेअर विकावे लागले, त्यांच्या हातात ही संपत्ती आली नाही. हातावर पोट असलेल्या घराला थांबता येत नाही. श्रीमंती वाढते ती थांबू शकणाऱ्याच्या घरात. गोष्ट सांगणारे हे सहसा सांगत नाहीत. खानदेशात कापडाच्या गिरण्याही होत्या आणि त्या बंद पडल्या, हेही सांगत नाहीत. कोणी तिथे पैसे घातले असतील, तर त्यांची गोष्ट कोण सांगणार? म्हणून उद्या कोणी "शेअर घ्या, ताई, दुप्पट होतील" म्हणत दारात आला, तर त्याला अमळनेरचं नाव सांगून फसवू देऊ नका.

याच कंपनीच्या मालकाच्या शिक्षणाची गोष्ट ऐका. मोहम्मद प्रेमजी 1966 साली वारले, तेव्हा त्यांचा मुलगा अझीम अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात इंजिनिअरिंग शिकत होता. वय एकवीस. तो शिक्षण सोडून परत आला आणि कंपनी सांभाळायला लागला. आता कोणी म्हणेल, बघा, शिक्षण सोडलं आणि देशातला एक सगळ्यांत श्रीमंत माणूस झाला! पण शिक्षण सोडून तो घरी आला तेव्हा घरी काय होतं? एक चालू कारखाना होता. आपल्या पोरीने शिक्षण सोडलं तर तिच्यासाठी घरी काय आहे? दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जायची उचल.

आणि ती राहिलेली पदवी प्रेमजींनी सोडून दिली नाही. तीसेक वर्षांनी, सगळं मिळवून झाल्यावर, त्यांनी ती पुरी केली. पैशासाठी केली असेल असं कोण म्हणेल? 2001 साली त्यांनी फाउंडेशन काढलं ते शाळांच्या कामासाठी, आणि आपल्या संपत्तीतला मोठा वाटा तिकडे दिला. शिवाय ही कंपनी मोठी झाली ती कोणाच्या कामावर? हजारो पदवीधर इंजिनिअर पोरापोरींच्या. मालकाची पदवी अर्धवट असली तरी नोकरीला ठेवताना त्याने पदवी बघितलीच.

अंबानींचंही तेच. धीरूभाई मॅट्रिक झाले आणि एडनला नोकरीला गेले, हे खरं. पण त्यांनी स्वतःच्या मुलांना काय केलं? मुकेश अंबानींना मुंबईत माटुंग्याला केमिकल इंजिनिअरिंग शिकवलं, मग अमेरिकेला पाठवलं. अनिल अंबानींनाही अमेरिकेला पाठवलं. न शिकता श्रीमंत झालेला माणूस आपल्या लेकरांना न शिकवता ठेवत नाही. आपल्यालाच सांगतात, शिकून काय होतं!

बाई म्हणून कल्पना सरोज यांचं नाव घेतलं पाहिजे. अकोला जिल्ह्यातल्या. बारा वर्षांच्या असताना लग्न झालं, शाळा सुटली. पुढे मुंबईत शिलाईकामापासून सुरुवात केली आणि बुडालेली कमानी ट्यूब्ज ही कंपनी हातात घेऊन उभी केली. 2013 साली पद्मश्री मिळाली. आम्हाला त्यांचा फार अभिमान वाटतो. पण बाराव्या वर्षी लग्न झालेल्या पोरी आपण आपल्या पाड्यांवर किती बघितल्यात? त्यातल्या किती कारखान्याच्या मालकीण झाल्या? एका बाईने पूर ओलांडला म्हणून नदीवर पूल नको, असं आपण म्हणत नाही.

शिक्षण आणि धंदा दोन्ही एका माणसात बघायचे असतील तर जळगावचे भवरलाल जैन घ्या. वाकोदच्या शेतकरी घरातले. कॉमर्स आणि कायदा शिकले. सरकारी अधिकाऱ्याची नोकरी मिळत होती, ती न घेता घरच्यांनी तीन पिढ्यांत साठवलेले सात हजार रुपये घेऊन 1963 साली रॉकेल विकायला सुरुवात केली. पुढे पाईप, ठिबक, केळीची रोपं. आपल्या शेतांत त्यांच्या नळ्या आहेत. त्यांना हिशोब, करार, कायदा कळायचा, तो शिक्षणामुळे. पण श्रीमंती सुरू झाली ती त्या सात हजारांपासून, आणि नोकरी नाकारायची हिंमत करता आली त्यापासून. पोरगं नोकरी नाकारतंय आणि घरच्यांनी साठवलेलं सगळं त्याच्या हातावर ठेवलंय, असं आपल्याकडे किती घरांत होईल? पोरीसाठी तर विचारूच नका.

आता पगाराचा हिशोब. समजा, आपली पोर खूप शिकली आणि तिला महिन्याला लाख रुपये पगार लागला. समजा, तिने एक पैसाही खर्च केला नाही, हवा खाऊन राहिली. वर्षाला बारा लाख साठतील. शंभर कोटी व्हायला किती वर्षं लागतील? 833. शिवाजी महाराजांच्या जन्माच्या कितीतरी आधी नोकरीला लागली असती तरी अजून पुरे झाले नसते. पगारातून गडगंज श्रीमंती येत नाही, मग पगार कलेक्टरचा का असेना.

कलेक्टरचं नाव निघालं म्हणून सांगतो. राजेंद्र भारूड आपल्या जिल्ह्याचे कलेक्टर होते. साक्री तालुक्यातल्या सामोड्याच्या भिल्ल घरातले. जन्माआधीच वडील गेले, आईने मोहाची दारू विकून वाढवलं. ते डॉक्टर झाले, मग आयएएस. त्या नोकरीचा सुरुवातीचा मूळ पगार 56,100 रुपये. चांगला पगार आहे, पण अब्जाधीशाचा नाही. तरी करोनात दवाखान्यात ऑक्सिजन कमी पडू लागला तेव्हा आपल्या जिल्ह्यात आधीच प्लांट उभे होते, आणि त्यासाठी देशभर नंदुरबारचं नाव झालं. त्यांच्या पदवीची किंमत कशात मोजणार?

म्हणून आम्ही पदवीकडे असं बघतो. तलाठ्याचा सुरुवातीचा मूळ पगार 25,500 आहे, वर भत्ते. तो दर महिन्याला येतो, पाऊस पडो न पडो. घरात असा एक पगार आला की उचल घ्यावी लागत नाही. उचल नाही तर धाकटी भावंडं ऊसतोडीच्या पडावावर जात नाहीत, शाळेत राहतात. पोरगी सोळाव्या वर्षी बोहल्यावर चढत नाही. दवाखान्यात डॉक्टर काय लिहितोय ते वाचता येतं. 2011 च्या जनगणनेत आपला जिल्हा साक्षरतेत राज्यात शेवटचा होता. त्या जिल्ह्यात एका घरात एक पदवी येणं म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

पण म्हणूनच ती पदवी कितीला घ्यायची, हेही बघावं लागतं. रंगीत पत्रकं घेऊन एजंट गावात येतात. "एवढं पॅकेज, तेवढं पॅकेज." असल्याच एका संस्थेत आमच्या ओळखीतल्या एका घराने बैल विकून पोरीचं नाव घातलं, आणि दोन वर्षांनी कळलं की त्या नर्सिंगच्या कागदावर नोंदणीच होत नाही. तेव्हा पैसे भरण्याआधी विचारायचं: कॉलेज कोणत्या विद्यापीठाला जोडलेलं आहे? नर्सिंग असेल तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का? कोर्सचं नाव महाडीबीटीवर शिष्यवृत्तीसाठी दिसतं का? दिसत नसेल तर तिथेच थांबा. आणि शेत गहाण टाकायच्या आधी बँकेत जा. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही. सावकाराला मात्र शेतच हवं असतं. नंदुरबारला 2020 पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे. लांबच्या शहरातल्या महागड्या खासगी कॉलेजापेक्षा आधी सरकारी जागांकडे बघा.

आणि मालकीचं काय? ते अमळनेरवाल्यांसाठी सोडून द्यायचं का? आम्हाला तसं वाटत नाही. 2006 च्या वनहक्क कायद्यात वनजमिनीचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर द्यायचा, असं लिहिलंय. धडगाव, अक्कलकुव्यातल्या बायांनी आपापला पट्टा काढून बघावा. आपलं नाव त्यावर आहे का? सातबारावर आहे का? गटाने घेतलेली पिठाची गिरणी, मोहफुलाचा साठा, मिरचीचं कांडप यंत्र, यांचे कागद कोणाच्या नावावर आहेत? शिकलेली पोर घरात असेल तर तिलाच बैठकीत बसवा आणि हे कागद मोठ्याने वाचायला लावा. आमच्या गटात एकदा तसं केलं, तर दोन घरांच्या उताऱ्यावर मेलेल्या सासऱ्याचंच नाव निघालं.

शेवटी कामाचं. पोर अकरावी-बारावीत असेल तर जात वैधतेचा अर्ज आत्ताच कॉलेजमार्फत करा. निकालानंतर धावपळ केली तर प्रवेशाच्या वेळी कागद हातात नसतो. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, आधारला जोडलेलं पोरीच्या नावाचं बँक खातं, एवढं तयार ठेवा. आदिवासी पोरींना वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वयम् योजनेत राहण्या-जेवणाचे पैसे मिळतात. त्याची चौकशी नंदुरबार किंवा तळोद्याच्या प्रकल्प कार्यालयात करा. एकटी जाऊ नका, गटातल्या दोघी-तिघी मिळून जा, आणि अर्ज दिल्याची पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.